सोवळ्यातलं पायथन

रात्रीचे साडेअकरा वाजले होते, सकाळी दहाला क्लायंटला डेमो द्यायचा होता आणि माझं टर्मिनल, म्हणजे कमांड टाईप करायची खिडकी, उघडत नव्हतं. एरर वगैरे काही नाही हं, एरर आला असता तर निदान गुगल तरी केला असता. आयकॉनवर क्लिक केलं की गोल गोल जरा फिरायचं आणि गप्प. कंट्रोल आल्ट टी हा शॉर्टकट मारला, गप्प. रिस्टार्ट केलं, लॅपटॉप मस्त चालू झाला, ब्राउझर उघडला, फाईल्स उघडल्या, सगळं ठीक, फक्त टर्मिनल नाही.

२०२२ ची गोष्ट आहे ही, तेव्हा लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्सवालं उबुंटू २०.०४ होतं, म्हणजे सोबत प्रोग्रामिंगची भाषा पायथन ३.८. क्लायंटकडे एक जुनं मॉडेल होतं, टेन्सरफ्लो (मशीन लर्निंगची लायब्ररी) १.१५ वर लिहिलेलं, आणि ते चालवून दाखवायचं होतं. मी आपलं सरळ पिप इन्स्टॉल (पिप म्हणजे पायथनची पॅकेजेस आणणारं साधन) मारलं तर म्हणे अशी व्हर्जनच नाही, आणि खाली जी यादी दाखवली ती सुरूच होते २.२ पासून. आधी वाटलं स्पेलिंग चुकलं. मग वाटलं नेट गंडलंय. खरं कारण असं की टेन्सरफ्लो १.१५ च्या तयार फाईल्स पायथन ३.७ पर्यंतच्याच आहेत, आणि पिप काय करतं तर तुमच्या पायथनला चालतील तेवढ्याच व्हर्जन्स मोजतं, बाकीच्या जणू जगात नाहीतच. "बाई, तुझं पायथन जास्त नवीन आहे" एवढं एक वाक्य लिहिलं असतं तर माझा तास वाचला असता.

मग डेडस्नेक्सच्या पीपीएवरून (उबुंटूसाठी वेगवेगळी पायथन ठेवणारं बाहेरचं भांडार) ३.७ टाकलं. ते शेजारी छान बसलं, पण पायथन३ टाईप केलं की येतंय ३.८ च. इथे मला राग आला. रागाच्या भरात अपडेट-अल्टरनेटिव्ह्ज नावाची कमांड वापरून मी अख्ख्या सिस्टमचं पायथन३ उचलून ३.७ कडे वळवलं. व्हर्जन बघितली, ३.७! खूश होऊन टर्मिनल बंद केलं आणि जेवायला गेले. जेवून आले ते वर सांगितलंच.

झालं काय होतं, तर उबुंटूवर टर्मिनल उघडणारी जी कमांड आहे ना, ती स्वतःच पायथनची एक छोटी स्क्रिप्ट आहे. खरा प्रोग्राम सी भाषेत लिहिलेला, पण त्याला हाक मारणारी स्क्रिप्ट पायथनची. तिच्या पहिल्या ओळीत लिहिलेलं असतं की मला यूएसआर-बिनमधल्या (हे सिस्टमच्या प्रोग्राम्सचं फोल्डर) पायथन३ ने चालव, आणि पुढे ती जीआय नावाचं मॉड्यूल मागते. त्या मॉड्यूलचा एक भाग कंपाईल केलेला, म्हणजे आधीच मशीनच्या भाषेत बदललेला असतो, आणि तो ३.८ साठी. ३.७ ला तो सापडत नाही, स्क्रिप्ट तिथेच मरते. एरर येतो हो, पण दिसणार कुठे? टर्मिनलमध्ये!

नवरा म्हणाला फॉरमॅट मार. त्याचं सगळ्यावर हेच औषध असतं.

शेवटी कंट्रोल आल्ट एफ३ दाबून त्या काळ्या स्क्रीनवर लॉगिन केलं आणि शेजारी मोबाईलवर उत्तरं शोधत बसले (व्हीएस कोडच्या आतलं टर्मिनल चाललं असतं हे दुसऱ्या दिवशी अंघोळ करताना सुचलं). एका महाभागाने लिहिलं होतं की पायथन३ काढून टाका आणि परत टाका. मी मारली कमांड, तर ॲप्टने (उबुंटूचं सॉफ्टवेअर टाकणारं-काढणारं साधन) काय काय उडवणार त्याची यादी दाखवली, ती स्क्रीनभर आणि तिच्यात उबुंटू-डेस्कटॉप, म्हणजे डेस्कटॉपचं पॅकेजसुद्धा. नशीब मी वाचलं. नको म्हणून एन दाबलं. मग दुसऱ्या एका उत्तरावरून पायथन३ ची सिमलिंक (दुसऱ्या फाईलकडे बोट दाखवणारी फाईल) परत ३.८ कडे केली, एका ओळीचं काम, आणि टर्मिनल जणू काही झालंच नाही असं उघडलं.

लहानपणी वाईला आजीकडे एकदा मी देवघरातल्या तांब्यातून पाणी प्यायले होते. तहान लागलेली, समोर तांब्या, पाणी पाणीच असतं ना. आजीने जो काही दंगा केला! तांब्या घासून काढला, पाणी बदललं, मला बाहेर पिटाळलं. सोवळ्याओवळ्याचं मला आजही काही पडलेलं नाही, पण सिस्टमच्या पायथनच्या बाबतीत मी आता अगदी आजी झालेय. ते पायथन माझ्यासाठी ठेवलेलंच नाहीये, ते उबुंटूने स्वतःच्या कामासाठी ठेवलंय, टर्मिनल उघडायला, रिपॉझिटरी जोडायला, अपडेटची खिडकी दाखवायला. मला तहान लागली तर मी माझा पेला घ्यायचा.

तर माझा पेला म्हणजे पायएन्व्ह, एकाच मशीनवर पायथनच्या वेगवेगळ्या व्हर्जन्स ठेवणारं साधन. हे तुमच्या पाथमध्ये (कमांड कुठल्या फोल्डरांत शोधायची त्याची यादी) सगळ्यात पुढे एक फोल्डर घुसवतं, त्यात पायथन, पिप अशा नावांच्या बारक्या स्क्रिप्ट्स असतात, त्यांना शिम म्हणतात. तुम्ही पायथन म्हटलं की आधी शिम उठते, ती बघते की या फोल्डरमध्ये डॉट पायथन-व्हर्जन नावाची फाईल आहे का, नसेल तर वरच्या फोल्डरमध्ये, त्याच्या वरच्या, असं करत वर जाते, कुठेच नसेल तर तुमचं ग्लोबल ठरलेलं घेते. म्हणजे फोल्डर बदललं की पायथन आपोआप बदलतं. यूएसआर-बिनला कुणी हातही लावत नाही.

पण एक आहे, पायएन्व्ह पायथनचा सोर्स आणून तुमच्याच मशीनवर कंपाईल करतं, आणि त्यासाठी ज्या डेव्ह (डेव्हलपमेंटच्या) लायब्ररी लागतात त्या आधी ॲप्टने टाकून ठेवाव्या लागतात. मी ती पायरी अर्थातच गाळली. ओपनएसएसएलची नसेल तर बिल्ड तिथेच थांबतं, ते बरं. पण एसक्यूलाईटची किंवा लिबएफएफआयची नसेल तर नुसती वॉर्निंग येते, पायथन तयार होतं, तुम्ही टाळ्या वाजवता आणि दोन दिवसांनी कुठलंतरी पॅकेज म्हणतं लिबएफएफआयवर चालणारं सीटाईप्स नावाचं मॉड्यूल नाहीये. लायब्ररी नंतर टाकून भागत नाही हं, ते पायथन पहिल्यापासून परत बिल्ड करावं लागतं. विचारा मला.

आणि व्हर्जन मिळाली म्हणजे संपलं असं नाही, पॅकेजचा गोंधळ वेगळाच. व्हर्जनच्या आत प्रत्येक प्रोजेक्टला वेगळं व्हेन्व्ह करायचं. व्हेन्व्ह म्हणजे काही जादू नाही, एक फोल्डर, त्यात पायथनची सिमलिंक आणि त्या प्रोजेक्टची पॅकेजेस. ॲक्टिव्हेट केलं म्हणजे काय, तर पाथमध्ये ते फोल्डर पुढे आलं, बस. फक्त त्या फोल्डरचं नाव बदलू नका किंवा उचलून दुसरीकडे ठेवू नका, आतल्या स्क्रिप्ट्समध्ये पूर्ण पत्ता लिहिलेला असतो, तो चुकतो. सरळ डिलीट करून नवीन करायचं, रिक्वायरमेंट्सची फाईल (लागणाऱ्या पॅकेजेसची यादी) असली की झालं.

असली की झालं, असं मला वाटायचं. त्याच रात्री, ३.७ नीट बसलं, टेन्सरफ्लो १.१५ बसलं (नुसती डाऊनलोड फाईल ४१२ एमबी, तीही मोबाईलच्या हॉटस्पॉटवर), इम्पोर्ट केलं आणि धाडकन प्रोटोबफचा (टेन्सरफ्लोला आतून लागणारं पॅकेज) भलामोठा एरर. आमच्या रिक्वायरमेंट्स फाईलमध्ये टेन्सरफ्लोची व्हर्जन लिहिली होती, प्रोटोबफचं नावही नव्हतं. टेन्सरफ्लो १.१५ म्हणतं की मला प्रोटोबफ ३.६.१ किंवा त्याच्या वरचं कुठलंही द्या. पिपने इमानदारीत सगळ्यात नवीन आणलं, आणि त्याच वर्षी आलेल्या नव्या प्रोटोबफला जुन्या पद्धतीने तयार केलेला कोड चालत नव्हता. ३.२० च्या मालिकेवर खाली आणलं तेव्हा मॉडेल उठलं. पहाटेचे तीन. तेव्हापासून चालणारं काहीही हातात आलं की आधी पिप फ्रीझ मारून पोटातल्या पॅकेजेससकट सगळ्यांचे आकडे लिहून ठेवते, मग चहा.

कोंडा (पायथन आणि पॅकेजेस दोन्ही सांभाळणारं दुसरं साधन) का नाही वापरत असं कुणीतरी विचारणारच. वापरलंय, कूडा (ग्राफिक्स कार्डवर आकडेमोड करायचं सॉफ्टवेअर) वगैरेची भानगड असेल तर अजूनही सोपं पडतं, पण टर्मिनल उघडलं की ते बेस एन्व्हायर्नमेंट स्वतःहून लावून बसतं ते मला आवडत नाही, आणि त्यात पिपने काही मिसळलं की कुठलं पॅकेज कुणी आणलं तेच कळेनासं होतं.

हल्ली मात्र नवीन कामाला मी युव्ही वापरायला लागलेय, पायएन्व्ह, पिप, व्हेन्व्ह सगळ्यांचं काम ते एकटंच करतं. २०२४ च्या फेब्रुवारीत आलं, रस्ट भाषेत लिहिलेलं आहे, आणि वेग एवढा की पहिल्यांदा वाटलं काही झालंच नाही. पायथनसुद्धा तेच आणतं, तयार बिल्ड केलेलं, त्यामुळे ती लायब्ररीची कटकट गेली. आणि पॅकेजेस एकाच कॅशमध्ये (साठ्यात) ठेवून प्रोजेक्टमध्ये हार्डलिंक करतं, म्हणजे दहा प्रोजेक्टमध्ये तेच पॅकेज असेल तर डिस्कवर दहा वेळा जागा जात नाही. माझी २५६ जीबीची एसएसडी यासाठी युव्हीची ऋणी आहे. तो जुना ३.७ वाला प्रोजेक्ट मात्र पायएन्व्हमध्येच ठेवलाय, त्याला हलवायची माझी हिंमत नाही.

मध्यंतरी उबुंटू २४.०४ घेतलं, त्यात पायथन ३.१२. आता तिथे सिस्टममध्ये थेट पिप इन्स्टॉल केलं की ते नकारच देतं, हे एन्व्हायर्नमेंट बाहेरून सांभाळलं जातंय, व्हेन्व्ह करा म्हणतं. पेप ६६८ म्हणून पायथनचा नियम आहे त्यामागे. म्हणजे देवघराला कडी बसली एकदाची. पण खालीच, त्याच मेसेजमध्ये, कडी काढायची कशी तेही लिहिलंय, ब्रेक-सिस्टम-पॅकेजेस असा पर्याय द्या म्हणे. नावात एवढं स्वच्छ लिहिलंय की सिस्टम मोडेल, तरी लोक कॉपी-पेस्ट करतात.

गेल्या रविवारी भाच्याचा फोन. कोल्हापूरला इंजिनिअरिंगला आहे, दुसऱ्या वर्षाला. "अगं मावशी, पिप चालतच नाहीये, ब्रेक-सिस्टम-पॅकेजेस टाक म्हणतंय, टाकू का?"

म्हटलं अजिबात हात लावू नकोस, थांब, व्हेन्व्ह कसं करायचं सांगते, पाच मिनिटांचं काम आहे.

"अगं पण ते... टाकून झालंय."

"सुडो लावला होतास का?"

सुडो म्हणजे ॲडमिनचे पूर्ण अधिकार. तिकडे एकदम शांतता.

"बरं," म्हटलं, "आहे ते टर्मिनल बंद करू नकोस."