तीन दिवस एकच आकडा, तरीही बाटली उसळली

इंग्लंडच्या मिडलंड्स भागात घरगुती बिअरचं सामान विकणाऱ्या दुकानात मी काउंटरवर असते. ब्रिटनमध्ये घरच्यापुरती बिअर करायला १९६३ पासून परवाना लागत नाही. विकता मात्र येत नाही. माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य), हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं), यीस्ट (साखरेचं अल्कोहोल आणि गॅस करणारे सूक्ष्मजीव) देता देता निम्मा वेळ एकाच प्रश्नात जातो: एअरलॉकमधले, म्हणजे बादलीच्या झाकणावरच्या गॅस बाहेर सोडणाऱ्या पाण्याच्या नळीतले, बुडबुडे थांबले, बिअर बिघडली का?

बुडबुड्यांवरून काहीच ठरत नाही. बादलीचं झाकण किंचित सैल असेल तर गॅस कडेने निघून जातो आणि आत यीस्ट जोरात काम करत असताना एअरलॉक ढिम्म राहतो. उलट काम संपल्यावर खोली दोन अंशांनी तापली, तरी विरघळलेला गॅस सुटून बुडबुडे येतात. खरं सांगते ती ग्रॅव्हिटी, म्हणजे पाण्याच्या तुलनेत बिअरची घनता (साखर संपत जाते तशी ती उतरते), आणि तीही द्रवात तरंगणाऱ्या हायड्रोमीटरने घेतलेली. प्रकाश किती वाकतो त्यावरून साखर मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर अल्कोहोलमुळे फसतो: १२.४ ब्रिक्सवर (ब्रिक्स हे साखरेचं माप) सुरू झालेली बिअर ६.४ वर थांबली, तर नुसतं कोष्टक १.०२५ दाखवतं, प्रत्यक्षात ती १.०१२ च्या आसपास, म्हणजे तयार असते.

सांगलीकडचा एक मुलगा दुकानात आला, तो हे सगळं जाणून होता. म्हणून त्याची केस अजून डोक्यातून जात नाही.

“ताई, बाटल्या भरून तीन आठवडे झाले. आता बाटली उघडली की अर्धी सिंकमध्ये जाते. आणि वास लोण्यासारखा. जंतू शिरले का हो?”

शेजारच्या सहकाऱ्याने वास घेतला आणि निकाल दिला, “इन्फेक्शन, ओतून टाका.” काही न मोजता दिलेले असे निकाल मला अजिबात सहन होत नाहीत. लोकांची २३ लिटरची अख्खी बादली वाया जाते.

मी त्याची वही मागितली. इतकी नेटकी वही काउंटरवर क्वचितच येते. सुरुवात १.०५२. तापमान १९ अंश. मग सलग तीन दिवस १.०१४. त्यानंतर १५० ग्रॅम हॉप्स न उकळता थेट बिअरमध्ये टाकलेले, दोन दिवसांनी १२० ग्रॅम साखर घालून बाटल्या भरलेल्या. सलग तीन दिवस तोच आकडा आला की काम संपलं, या पुस्तकी नियमाप्रमाणे कुठेही खोट नाही.

बाटली आधी पूर्ण गार केली आणि टॉवेल गुंडाळून उघडली. बिअर दोन ग्लासांत वीस-पंचवीस वेळा वरखाली ओतून गॅस काढला, २० अंशांवर येऊ दिली. हायड्रोमीटर नळीत सोडून बोटांनी गिरकी दिली, कारण त्याला चिकटलेले बारीक बुडबुडे त्याला वर उचलतात आणि आकडा खोटा जास्त येतो. द्रवाची पातळी डोळ्यासमोर धरून वाचलं: १.०१०.

म्हणजे बाटलीत ग्रॅव्हिटी १.०१४ वरून १.०१०, चार अंशांनी उतरली होती (इथे अंश म्हणजे ०.००१). एक अंश घसरला की साधारण अर्धा व्हॉल्यूम, म्हणजे बिअरच्या घनफळाच्या निम्मा, गॅस तयार होतो. साखरेने आणि आधीच विरघळलेल्या गॅसने मिळून २.२ झालेच होते, वर हे दोन. काचेच्या साध्या बाटलीला एवढा दाब म्हणजे फुटण्याचा धोका.

मग घसरलं कशामुळे? हॉप्समध्ये स्वतःची एन्झाइम्स असतात. यीस्टला न पचणाऱ्या डेक्स्ट्रिन नावाच्या मोठ्या साखरांचे ती तुकडे करतात आणि यीस्टला पुन्हा खाद्य मिळतं. हे नवं ज्ञान नाही; ब्राउन आणि मॉरिस या रसायनशास्त्रज्ञांनी १८९३ मध्येच यावर लिहिलं होतं. तरीही किटमधल्या पत्रकांवर ‘हॉप्स घाला, दोन दिवसांनी भरा’ असंच छापून येतं, याचा मला राग येतो.

लोण्याचा वासही त्यातूनच. पुन्हा जागं झालेलं यीस्ट आधी डायॲसिटिलचा, म्हणजे लोण्याचा वास देणाऱ्या पदार्थाचा, पूर्वपदार्थ सोडतं. बिअर बादलीतच असती तर याची चाचणी सोपी होती. नमुना दोन झाकलेल्या ग्लासांत घ्यायचा, एक ६० ते ६५ अंशांच्या पाण्यात अर्धा तास ठेवायचा, गार करून दोन्हींचा वास घ्यायचा. तापवलेल्यात लोणी आलं तर भरायची घाई नको.

इन्फेक्शनच्या खुणा मी शोधल्या. गळ्याशी मळकट कडं नाही, वर साय नाही, आंबटपणा नाही, लवंगेसारखा वासही नाही. पण काही रानटी यीस्टही डेक्स्ट्रिन खातं, आणि नुसत्या आकड्यावरून ते हॉप्सपासून वेगळं काढता येत नाही. म्हणून दोन बाटल्या फ्रिजबाहेर, झाकणाच्या जाड प्लास्टिकच्या खोक्यात ठेवायला सांगितल्या. बाकी सगळ्या ताबडतोब फ्रिजमध्ये. हातमोजे आणि चष्मा घालून, गार झाल्यावर बाटल्यांची झाकणं सैल करून गॅस सोडायचा आणि ती पुन्हा बसवायची.

महिन्याने त्या दोन्हींचा आकडा १.०१० च होता. रानटी यीस्ट असतं तर तो बहुधा आणखी खाली, १.००४-५ च्या दिशेने गेला असता. हॉप्सच, असं मी धरून चालले आहे.

आता मी तीन दिवसांचा नियम सांगते तो हॉप्स टाकल्यानंतरचा. शिवाय भरण्याआधी ३०० मिली बिअर वेगळी काढून त्यात तेवढ्याच प्रमाणात, म्हणजे दोन ग्रॅम हॉप्स आणि चिमूटभर यीस्ट घालून २५ अंशांवर ठेवायला सांगते. आकडा कुठवर उतरेल ते तिथे आधी कळतं.

एक गोष्ट मात्र सुटत नाही. त्याच वहीत आधीच्या बॅचला त्याच जातीचे, तेवढेच हॉप्स होते आणि काहीच झालं नव्हतं. ती बॅच हॉप्स पडले तेव्हा गॅरेजमध्ये ११ अंशांवर होती. थंडीने यीस्ट झोपलं म्हणून वाचली, की हॉप्सचं पाकीट वेगळ्या पिकाचं होतं? दोन्ही पाकिटांवरचे लॉट नंबर त्याने लिहिले नव्हते; आता ते मी प्रत्येकाला लिहून ठेवायला सांगते.