गाणं मंडळाचं, पैसा कोणाच्या खात्यात?

झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, दिवाळी ते होळी कार्यक्रमांचा हंगाम असतो. दंडार हे लोकनाट्य असो की खंजेरी भजन, हिशोब सरळ: ठरताना विसार (आगाऊ रक्कम), कार्यक्रम झाला की बिदागी. मोबाईलवर ऐकलेल्या गाण्याचं तसं नाही.

‘एकदा ऐकलं की किती मिळतात?’ असं सगळे विचारतात, पण स्पॉटिफायसारख्या ॲपवर ठरलेला भाव नसतोच. ॲपकडे महिन्याला जमलेल्या रकमेतला वाटा एकूण ऐकण्यातल्या हिश्शाप्रमाणे पडतो. ३० सेकंद ऐकलं तरच स्पॉटिफाय ते मोजतं. लांबलचक आलापाने सुरू होणारं भजन तिथेच मार खातं. शिवाय २०२४ पासून मागच्या १२ महिन्यांत एखादं गाणं किमान १००० वेळा वाजलं नसेल, तर त्याच्या रेकॉर्डिंगवर पैसे मिळत नाहीत. मंडळाने ४० भजनं चढवली आणि प्रत्येक ३०० वेळा वाजलं, तर १२,००० वेळा ऐकूनही हाती शून्य. तेवढंच ऐकणं दोन-तीन भजनांवर आलं असतं, तर काहीतरी जमा झालं असतं.

खरी मेख मात्र रेकॉर्डिंगच्या वेळीच बसते. ‘रेकॉर्डिंग फुकट, फक्त माझ्या चॅनलवर टाकू’ असं स्टुडिओवाला म्हणतो. ज्याच्या खात्यातून गाणं चढलं, पैसा त्याच्याच खात्यात येतो. म्हणून आधी कागद करा: रेकॉर्डिंगचा मालक कोण, गायक, हार्मोनियम, खंजेरी, कोरस यांना किती टक्के, करार किती वर्षांचा. हक्क लिहून दिले आणि मुदत लिहिली नाही, तर कॉपीराइट कायदा ५ वर्षं धरतो. ‘कायमचे’ हा शब्द दिसला तर सही करू नका.

शब्द आणि चाल ही रेकॉर्डिंगपेक्षा वेगळी मालमत्ता. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर हक्क विकले तरी गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला समान वाटा जात नाही. तो पदरात पडायला आयपीआरएसचं, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं, सभासदत्व घ्या आणि प्रत्येक गाणं तिथे नोंदवा. दुसऱ्याचे शब्द असतील तर परवानगी हवी. तुकडोजी महाराज १९६८ साली गेले. मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात, म्हणजे त्यांच्या भजनांवर २०२८ अखेरपर्यंत. तुकोबांच्या अभंगांना ही अडचण नाही, पण त्यांना लावलेली नवी चाल कुणाची तरी असतेच. यूट्यूबवरून उतरवलेल्या ‘फ्री’ ट्रॅकवर गायलात तर क्लेम (मालकीचा दावा) येतो आणि जाहिरातीचे पैसे ट्रॅकवाल्याकडे वळतात.

स्वतःच्या यूट्यूब चॅनलवर जाहिरातींतून कमाई व्हायला १००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४००० तास पाहणं लागतं. कमाई १० डॉलर झाली की पत्त्याची खात्री करायला गूगलचा पिन (खात्यात भरायचा आकडा) साध्या टपालाने येतो. गावाकडे तो हमखास अडकतो. पत्त्यात पोस्टाचं गाव, तालुका, पिनकोड नीट टाका, पोस्टमनला सांगून ठेवा. ४ महिन्यांत पिन भरला नाही तर जाहिराती थांबतात. गूगल मागतं तो अमेरिकेचा कर फॉर्मही पॅन घालून भरा, नाहीतर सगळ्या कमाईतून २४ टक्क्यांपर्यंत कपात होऊ शकते. आणि पैसे १०० डॉलर साठल्यावरच बँकेत येतात. चॅनल मंडळाचं असेल तर खातंही मंडळाच्या नावाने उघडा, अध्यक्षाच्या भाच्याच्या नव्हे.