हॅमलिन कोसळला त्याच्या दुसऱ्या दिवशीचे क्लिनिक

३ जानेवारी २०२३ च्या मंगळवारी सकाळी आमच्या हृदयरोग क्लिनिकमध्ये कोणीही आधी स्वतःच्या तब्येतीबद्दल बोलत नव्हते. आदल्या रात्री सिनसिनाटीत बफेलो बिल्स या अमेरिकन फुटबॉल संघाचा डॅमर हॅमलिन हा २४ वर्षांचा बचावपटू प्रतिस्पर्ध्याला अडवून उभा राहिला आणि क्षणभरात मागच्या मागे कोसळला. मैदानावरच त्याला सीपीआर (छाती दाबून रक्ताभिसरण चालू ठेवणे) आणि विजेचा झटका द्यावा लागला आणि हे सारे घडत असताना सामन्याचे थेट प्रक्षेपण देशभर चालू होते. सामना पहिल्या क्वार्टरमध्येच थांबला आणि पुढे रद्द करण्यात आला. मी न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोत हृदयरोगतज्ज्ञ म्हणून काम करते. सोलापुरात क्रिकेटवर वाढल्यामुळे या खेळाचे नियम मला अजूनही पुरते उमगलेले नाहीत, परंतु आदल्या दिवशी बिल्सचे काय झाले हे ठाऊक नसेल, तर इथे सोमवारी रुग्णाशी संभाषणच सुरू होत नाही.

त्या हंगामाने गावाला आधीच दमवले होते. नोव्हेंबरातील बर्फामुळे क्लीव्हलँडविरुद्धचा घरचा सामना डेट्रॉइटला न्यावा लागला, आणि नाताळातील हिमवादळात या परिसरात चाळीसहून अधिक माणसे दगावली. तरीही १२ विजय आणि ३ पराभव घेऊन बिल्स सिनसिनाटीला गेले होते, आणि नव्वदीच्या दशकात लागोपाठ चार सुपर बोल, म्हणजे विजेतेपदाचे अंतिम सामने, हरल्याचे दुःख उराशी बाळगणारी इथली माणसे यंदा तरी काही होईल अशी आस धरून होती.

त्या दिवशी प्रत्येकाने मला निदान विचारले. हॅमलिन माझा रुग्ण नव्हता आणि दूरचित्रवाणीवर पाहून निदान करणे मला पटत नाही, म्हणून मी शक्यता तेवढ्या सांगत राहिले. पेसमेकर बसवलेल्या एका आजोबांनी सगळे खापर कोविडच्या लशीवर फोडले आणि ते शेवटपर्यंत मागे हटले नाहीत. माझ्या मनात दोन गोष्टी होत्या: हृदयाच्या स्नायूचा आधीपासून असलेला, न सापडलेला आजार, किंवा ‘कमोशियो कॉर्डिस’, म्हणजे छातीवरच्या आघाताने निरोगी हृदयाची लय मोडणे. दुसरी शक्यता खरी होती, हे एप्रिलमध्ये हॅमलिनने स्वतःच जाहीर केले.

दुपारी सोळा वर्षांचा एक मुलगा आईबरोबर आला. शाळेच्या संघात तो लॅक्रॉसचा (जाळीच्या काठीने कठीण चेंडू फेकण्याचा खेळ) गोलरक्षक होता, आणि हृदयातील एका क्षुल्लक ध्वनीसाठी त्याची तपासणी महिनाभर आधीच ठरलेली होती. इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, पूर्णपणे निर्दोष निघाला. आईला मात्र तेवढ्याने धीर येईना. हॅमलिनचे हृदयही निर्दोष असेल तर मग काय, असे तिने विचारले, आणि तो प्रश्न अगदी बिनतोड होता. मी मुलाच्याच ईसीजीची पट्टी टेबलावर पसरली आणि पेनाने टी लाटेच्या (ठोक्यानंतर हृदय पुन्हा सज्ज होतानाची लाट) चढावर, शिखराच्या किंचित अलीकडे, एक बारीक रेघ ओढली. छातीवर नेमका हृदयाच्या वर बसलेला आघात जर सेकंदाच्या साधारण पन्नासाव्या भागाएवढ्या त्या फटीत पडला, तर निरोगी हृदयाची लयही मोडते आणि ते आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरत राहते. आघात प्रचंडच असावा लागतो असेही नाही. प्राण्यांवरील प्रयोगांत ताशी ६५ किलोमीटरच्या आसपासचा चेंडू सर्वांत घातक ठरलेला आहे. मुलगा त्या रेघेकडे पाहत राहिला आणि मग छातीचे कवच घातले की हे टळते का, असे त्याने विचारले.

त्याला खरे तेच सांगायला हवे होते. २००० साली न्यूयॉर्क राज्यातच लुई अकॉम्पोरा नावाचा चौदा वर्षांचा लॅक्रॉस गोलरक्षक छातीने चेंडू अडवताना असाच गेला, आणि त्याने कवच घातलेले होते. त्याच्या आईवडिलांच्या प्रयत्नांतून २००२ मध्ये राज्यातील सार्वजनिक शाळांत एईडी (हृदयाला विजेचा झटका देणारे स्वयंचलित यंत्र) ठेवण्याचा कायदा झाला. त्यानंतर कवचांची मानके सुधारली आहेत, तरी धोका शून्यावर येत नाही. झटका मिळायला उशीर होणाऱ्या प्रत्येक मिनिटाला वाचण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटते. त्यामुळे यंत्र किती लांब आहे, हाच खरा प्रश्न उरतो.

दिवसभर ‘चमत्कार’ हा शब्द कानावर पडत होता. लोकांच्या प्रार्थनेला मी नावे ठेवणार नाही. परंतु मैदानावर जे घडले त्याची आखणी आधीच झालेली होती. एनएफएलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगच्या, प्रत्येक सामन्याच्या तासभर आधी दोन्ही संघांचे डॉक्टर, पंच आणि रुग्णवाहिकेचे कर्मचारी एकत्र येतात. रुग्णवाहिका कुठे उभी आहे, श्वासनलिकेत नळी कोण घालणार, रुग्णाला कोणत्या रुग्णालयात न्यायचे, हे सारे तिथे ठरते. म्हणूनच बिल्सचे सहायक अ‍ॅथलेटिक ट्रेनर (खेळाडूंच्या दुखापती सांभाळणारे) डेनी केलिंग्टन यांना सीपीआर सुरू करताना कोणाच्या तोंडाकडे पाहावे लागले नाही.

आईने तिथूनच शाळेच्या प्रशिक्षकाला फोन लावून माझ्या हातात दिला. शाळेत एईडी आहे, ते त्यांनी अभिमानाने सांगितले. कुठे आहे, असे विचारल्यावर कार्यालयात, आणि कार्यालय किती वाजता बंद होते, असे विचारल्यावर साडेतीनला, असे उत्तर आले. सराव चार वाजता, इमारतीमागच्या मैदानावर सुरू होत असे. पलीकडे बराच वेळ शांतता पसरली. मग त्यांनी स्वतःहूनच किल्ली कोणाकडे असते ते आठवायला सुरुवात केली, आणि ती ज्यांच्याकडे असते ते गृहस्थ साडेतीनलाच घरी जातात, हेही त्यांच्याच तोंडून बाहेर पडले.

मुलाच्या खेळण्याच्या परवानगीच्या अर्जावर मी सही केली. आईने तो लगेच पर्समध्ये ठेवला नाही. यंत्र मैदानाजवळ येईपर्यंत तो तुमच्याकडेच राहू द्या, असे ती म्हणाली. वैद्यकीयदृष्ट्या मला तो अडवण्याचा अधिकार नव्हता, तरी मी तो फाइलमध्ये ठेवून घेतला.

हॅमलिन ११ जानेवारीला बफेलोच्या रुग्णालयातून घरी गेला. २२ तारखेला बर्फात, घरच्याच मैदानावर, त्याच सिनसिनाटीकडून २७–१० असा पराभव होऊन बिल्सचा हंगाम संपला. लॅक्रॉसचा सराव सुरू होण्याआधी प्रशिक्षकांनी एक छायाचित्र पाठवले: मैदानाकडे उघडणाऱ्या दाराशेजारी, बिनकुलुपाच्या पेटीत एईडी. सोबत एका ओळीत त्यांनी कळवले होते की, जुनी बॅटरी केव्हाच मुदतबाह्य झाल्याचे पेटी हलवताना लक्षात आले, म्हणून ती बदलून घेतली आहे. अर्ज मी त्याच दिवशी टपालात टाकला.