स्किरिड इन: जेफ्रीज सुटला, 1110 अजून अडलंय

स्किरिड इन हा वेल्स देशातल्या मनमथशरमधला जुना पब. इथे कोर्ट भरे आणि गुन्हेगारांना जिन्यातल्या तुळईवर फाशी दिली जाई, अशी दंतकथा आहे. मागच्या नोंदींत या फाशांचा जो गुंता मांडला होता, त्याचं एक टोक अखेर हाती आलं. दंतकथा सांगते की 1685 मध्ये ड्यूक ऑफ मनमथचं राजाविरुद्धचं बंड मोडल्यावर न्यायाधीश जेफ्रीजने इथे 180 बंडखोर लटकवले. जेफ्रीजने गावोगाव जाऊन बंडखोरांवर चालवलेल्या त्या खटल्यांचा, म्हणजे ‘ब्लडी असायझेस’चा, मार्ग नकाशावर लावून पाहिला: विंचेस्टर, डॉर्चेस्टर, एक्झेटर, टॉन्टन, वेल्स (हे सॉमरसेटमधलं शहर). सगळी गावं दक्षिण इंग्लंडमधली, बंडाच्याच मुलखाच्या आसपासची. ड्यूक मनमथचा, पब मनमथशरमधला. एवढ्यावरच ही गोष्ट इथे येऊन चिकटली, असं माझं ठाम मत झालंय. फार समाधान वाटलं!

पण 1110 मध्ये इथे फाशी गेला म्हणतात, तो मेंढीचोर जॉन क्राउदर हटायला तयार नाही. जिन्यात गळ्याभोवती दोर आवळल्यासारखा वाटतो, त्या साऱ्या अनुभवांचं मूळ त्याच्यापाशी नेतात. राजदरबारच्या जमाखर्चाची उपलब्ध असलेली सर्वांत जुनी गुंडाळी 1130 ची, म्हणजे तिथे काही मिळणं शक्यच नाही. शिवाय त्याचा भाऊ जेम्स याला म्हणे नऊ महिन्यांची कैद झाली. त्या काळात तुरुंग मुख्यतः खटला उभा राहीपर्यंत डांबून ठेवायला असे. मोजून नऊ महिने ही शिक्षा कितीतरी नंतरच्या काळातली वाटते. इमारतही बहुतांशी सतराव्या शतकातली. तुळईवरच्या दोराच्या खुणा टॉर्च आडवा धरून न्याहाळल्या. कड झिजलेली दिसते, पण पोती वर ओढूनही लाकूड असंच झिजेल. (भुतं शोधणारे वापरतात त्या ईएमएफ मीटरवर, म्हणजे विद्युतचुंबकीय क्षेत्र मोजणाऱ्या यंत्रावर, पैसे घालवू नका, चांगला टॉर्च घ्या.)

म्हणून आता खटला सतराव्या-अठराव्या शतकात शोधतोय. मनमथशर वेल्सच्या ग्रेट सेशन्स या न्यायालयांखाली नव्हतं, इंग्लंडच्या फिरत्या न्यायाधीशांच्या ऑक्सफर्ड सर्किटमध्ये होतं. त्यामुळे कागद अ‍ॅबरिस्टविथला, नॅशनल लायब्ररी ऑफ वेल्समध्ये नाहीत, लंडनला क्यू भागातल्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये आहेत. 1733 पर्यंत बहुतेक सगळं लॅटिनमध्ये, तेही तोडलेल्या शब्दांत. फाशीची शिक्षा झाली की नावावर नुसतं ‘सस’ (sus, म्हणजे लॅटिन suspendatur, ‘फासावर लटकवावं’). तेवढी तीन अक्षरं ओळखायला डोळे फुटायची वेळ येते. नॅशनल आर्काइव्हजचा जुनी हस्ताक्षरं वाचायचा फुकट ऑनलाइन धडा मात्र उत्तम आहे, कुठल्याही महागड्या सॉफ्टवेअरपेक्षा सरस.

यानंतर तुळईच्या लाकडाचं वर्षवलयांवरून वय काढायचा बेत होता. पण हे लिहिता लिहिता सुचलं, आधी पब चालवणाऱ्यांची मृत्युपत्रं का पाहू नयेत? वेल्सच्या चर्च न्यायालयांतली 1858 पूर्वीची मृत्युपत्रं नॅशनल लायब्ररी ऑफ वेल्सने ऑनलाइन खुली केली आहेत. काहींसोबत घरातल्या मालमत्तेची यादी असते, खोलीवार. त्यात कुठे ‘कोर्टाची खोली’ सापडली, तर क्राउदरची फाईल पुन्हा उघडायची! नाहीतर परवानगी मागून लाकडाला भोक पाडायचंच. लॅटिन वाचणारं कुणी असेल तर ‘सस’वाली पानं पाठवतो.