कोलमनचं फिडल आणि आमची कॅसेट

डब्लिनला आल्यावर पहिल्या हिवाळ्यात मला आयरिश लोकसंगीताच्या सेशनची गोडी लागली. पबच्या कोपऱ्यात एका टेबलाभोवती सात-आठ जण जमतात, फिडल (म्हणजे व्हायोलिनच), बासरी, कॉन्सर्टिना (हातात धरून दाबायची छोटी पेटी) बाहेर काढतात आणि सुरू होतात. स्टेज नाही, माईक नाही. तोंडं एकमेकांकडे, आपल्या देवळातल्या भजनासारखी. एक धून दोन-तीनदा वाजवायची आणि न थांबता दुसरीत शिरायचं. कागद कुणापुढेच नसतो.

तिथेच एका आजोबांनी मला मायकल कोलमनचं नाव सांगितलं. आयर्लंडमधल्या स्लायगोचा हा फिडलवादक 1914 साली अमेरिकेला गेला आणि 1920 च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये त्याच्या ग्रामोफोनच्या तबकड्या निघाल्या, मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या. त्या आयर्लंडला पोचल्या, लोकांनी झिजेस्तोवर ऐकल्या आणि पोरं कोलमनसारखं वाजवू लागली. इतकी, की काही भागांतली जुनी धाटणी मागे पडली. गाव सोडून गेलेल्या माणसाने समुद्रापलीकडून गावाचा हात घडवला! घरापासून इतक्या लांब राहणाऱ्या मला हे फार आतपर्यंत लागलं.

मेरियन स्क्वेअरला आयरिश ट्रॅडिशनल म्युझिक आर्काइव्ह आहे. 1987 साली सुरू झालेलं. कुणीही जावं, हेडफोन लावून बसावं. मी कोलमन मागितला. आधी नुसती खरखर, मग एकदम फिडल. साथीचा पियानो भलत्याच पट्ट्या दाबत असतो, तरी कोलमनची लय तसूभर हलत नाही. एका स्वराभोवती तो बोटांनी अशी झटकन गिरकी घेतो की मी तेवढाच तुकडा पाच-सहा वेळा मागे नेऊन ऐकला.

सगळ्यांचं नशीब असं नव्हतं. आयरिश फोकलोअर कमिशनचे लोक 1935 पासून खेडोपाडी फिरून गोष्टी, गाणी मेणाच्या नळकांड्यांवर घेत. पैशांची चणचण होती. त्यामुळे शब्द वहीत उतरले की बरेचदा मेण तासून तीच नळकांडी पुन्हा वापरायची. गोष्ट राहिली, सांगणाऱ्याचा आवाज गेला.

हे कळलं तेव्हा मला आमची कॅसेट आठवली. आजीच्या जात्यावरच्या ओव्या मामाने टेप केल्या होत्या. पुढे त्याच कॅसेटवर त्याच्या लग्नातली सनई भरली गेली. कुणाच्या मनातही आलं नाही की काहीतरी पुसलं जातंय.

गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर या अभ्यासकांनी महाराष्ट्रातल्या गावांमधून लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. त्यांतल्या कितीतरी पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडियाच्या संकेतस्थळावर त्या बायकांच्याच आवाजात आहेत, शेजारी गाणारणीचं नाव आणि गाव. ते नाव मी आधी वाचते, मग ऐकते. जरूर ऐका. भांडी घासता घासता नको, जरा बसून ऐका.

मागच्या रविवारी मावशीला व्हिडिओ कॉल केला आणि आजीची ओवी म्हण म्हटलं. "जातं नाही गं समोर, कशी आठवेल?" मावशी म्हणाली. थोडा वेळ गप्प बसली. मग तिची मूठ आपोआप वळली, हात टेबलावर गोल फिरू लागला आणि तिसऱ्या फेऱ्याला "पहिली माझी ओवी गं" आली. मी रेकॉर्डिंग चालू केलं होतं. सात ओव्या झाल्या, मधे कुकरची शिट्टीही आहे.