काकू, मामा आणि मेन स्विच

गिरगावातल्या एका जुन्या वाचनालयाचा कॉम्प्युटर मी फावल्या वेळात सांभाळतो. पगार नाही. चहा मिळतो आणि दिवाळी अंकांवर पहिला हक्क.

इमारत लाकडी जिन्याची, वायरिंग कुठल्या काळातलं ते विचारू नये. म्हणून रात्री आठला बंद करताना मामा मेन स्विच खाली ओढतात. तसा समितीचा ठरावच आहे. (मामा म्हणजे शिपाई. समितीचे अध्यक्षसुद्धा त्यांना मामाच म्हणतात.) त्यामुळे स्लीपचा इथे काही उपयोग नाही. स्लीपमध्ये उघडं काम रॅममध्येच राहतं आणि रॅमला वीज लागते. यूपीएस आहे, पण त्याची बॅटरी दहा मिनिटं टिकली तरी पेढे वाटावेत अशी. हायबरनेट मात्र रॅममधलं सगळं डिस्कवर उतरवतं आणि मशीन पुरतं बंद होतं. मग मेन ओढा, वायर काढा, काहीही करा.

‘मग सरळ शटडाउन करा की’ म्हणणाऱ्याने काकूंचं टेबल एकदा पाहावं. त्या जुन्या दाखल नोंदवह्या कॉम्प्युटरवर चढवतात. एका खिडकीत नोंदवहीच्या पानाचा फोटो, इतका मोठा केलेला की शाईचा डागही अक्षरासारखा दिसतो. शेजारी लिबरऑफिसची शीट. मागे ब्राउझरमध्ये सात-आठ टॅब, कारण नोंदवहीत लेखकाचं नुसतं आडनाव असतं आणि त्या आडनावाचे चार लेखक निघतात. एखाद्या ओळीत दाखल क्रमांक भरलेला, प्रकाशक अजून शोधायचा, आणि तेवढ्यात पावणेआठ. काकूंना चर्नी रोडहून बोरिवली स्लो पकडायची असते. हा सगळा पसारा जसाच्या तसा सकाळी समोर आला, तरच पुढे सरकता येतं.

मशीनवर उबुंटू आहे, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी फुकटातली लिनक्स प्रणाली. उबुंटूने २०१२ साली, १२.०४ या आवृत्तीपासून, हायबरनेट मुळातच बंद ठेवलं, कारण बऱ्याच मशीन झोपायच्या त्या उठायच्याच नाहीत. आमचं उठतं, मी पंधरा दिवस तपासून पाहिलं. स्वॅप फाइल, म्हणजे रॅममधलं सगळं डिस्कवर जिच्यात उतरतं ती फाइल, रॅमला पुरेल एवढी वाढवली, ती डिस्कवर कुठे आहे ते बूटच्या वेळी कर्नलला, म्हणजे उबुंटूच्या गाभ्याला, सांगितलं, झालं. पण साध्या खात्यातून हायबरनेट करायला परवानगी नाही. ॲडमिन असाल तर करा.

इथे मी आळस केला. काकूंना एक आयकॉन करून दिला. तो दाबला की ॲडमिनचा पासवर्ड मागायचा. पासवर्ड सांगितला, काकूंनी तो चिठ्ठीवर लिहिला, चिठ्ठी टेबलाच्या काचेखाली गेली. महिनाभरात तो पासवर्ड वाचनालयात आजच्या पेपरइतकाच सार्वजनिक झाला.

मग सुट्टीत मदतीला आलेल्या एका कॉलेजच्या मुलाने डिस्क भरलीय म्हणून साफसफाई केली. मुलगा हुशार, हेतू चांगला. त्याला दहा जीबीची एक फाइल दिसली, जिला कुणी उघडत नाही. ती स्वॅप फाइल होती. ॲडमिनच्या खात्यात शिरून त्याने आधी ती रीतसर बंद केली आणि मग उडवली. त्या संध्याकाळी काकूंनी आयकॉन दाबला, पासवर्ड दिला, इंग्रजीत कसलासा निरोप आला. निरोप रोजच येतात. काकूंनी मॉनिटर बंद केला, मामांनी मेन ओढला.

ऑटो रिकव्हरीने बरंचसं परत दिलं. शेवटच्या सात नोंदी आणि सगळे टॅब गेले. काकू मला काही बोलल्या नाहीत, तेच जास्त लागलं.

पुढच्या रविवारी बसलो, काकूंना पासवर्डशिवाय हायबरनेट करता यावं म्हणून. आधी माझ्या जुन्या वहीतला उपाय लावला: परवानग्या लिहायची पीकेएलए नावाची फाइल. काहीच झालं नाही, एरर नाही की काही नाही. अर्धा तास टंकलेखनाच्या चुका शोधण्यात गेला. मग कळलं की पोलकिटने, म्हणजे कुणी काय करायचं हे ठरवणाऱ्या यंत्रणेने, ती पद्धत केव्हाच सोडलीय. आता नियम जावास्क्रिप्टमध्ये लिहायचे आणि फाइल रूल्स-डी या फोल्डरात ठेवायची. फाइली नावाच्या क्रमाने वाचल्या जातात आणि जो नियम आधी उत्तर देईल तोच लागू. म्हणून माझ्या फाइलच्या नावाची सुरुवात १० ने, उबुंटूच्या नकाराच्या आधी वाचली जावी अशी.

नियम जेमतेम आठ ओळींचा. ‘वाचनालय’ गटातला माणूस, प्रत्यक्ष या मशीनसमोर बसलेला, हायबरनेट मागत असेल तर हो म्हण. बाकी कशालाही नाही. एक गोम मात्र राहिली होती. सकाळपाळीचे काका लॉगआउट न करता उठतात, आणि दुसरं कुणी लॉगिन असताना हायबरनेट करणं ही पोलकिटच्या हिशेबी वेगळी परवानगी आहे. तीही त्याच नियमात घातली. मग स्वॅप फाइल पुन्हा केली, नव्या जागेचा पत्ता कर्नलला दिला, ॲडमिनचा पासवर्ड बदलला आणि काचेखालची चिठ्ठी खिशात टाकली.

सोमवारी काकूंना दाखवलं. आयकॉन दाबला, पासवर्ड नाही, स्क्रीन काळी.

“एवढंच होतं?”

“एवढंच.”

“मग आधी का नाही केलंस रे?”

मी चहा प्यायलो.

आता एकच पथ्य. स्क्रीन काळी झाली तरी डिस्कवर लिहिणं चालू असतं, अर्धा मिनिट तरी. कॉम्प्युटरच्या डब्याचा दिवा विझेपर्यंत मेन ओढायचा नाही. काकू खांद्याला पर्स लावून वाकून दिव्याकडे बघत उभ्या राहतात. दाराजवळ मामा, एक हात स्विचवर.

“झोपलं का?”

“थांबा हो, कूस बदलतंय.”