प्रगती अहवालातला एक रकाना

रत्नागिरीत एम. टेक. करताना माझा प्रकल्प होता संगणकातल्या शिकारी आणि सावज अशा दोन पॉप्युलेशनचा, म्हणजे न्यूरल नेटवर्कवर चालणाऱ्या खेळाडूंच्या दोन गटांचा. एकमेकांशी झुंजत दोन्ही पिढ्यानपिढ्या उत्क्रांत होतात. विषय मंजूर झाला, कोडही चाललं. अडलं ते प्रगती अहवालात. त्यात एक रकाना होता: ‘फिटनेसमधील वाढ, टक्के’.

फिटनेस म्हणजे खेळाडू किती चांगला याचे गुण, आणि इथे ते मिळतात समोरच्याला हरवून. दोन्ही बाजू सारख्याच सुधारल्या की आलेख सपाट! जीवशास्त्रज्ञ ली व्हॅन व्हेलन यांनी १९७३ साली मांडलेली ‘रेड क्वीन’ कल्पना हीच: जागेवर राहायलाही धावावं लागतं. हे मी तोंडी सांगितलं, लेखी दिलं, तरी अहवाल दर वेळी परत यायचा. “मॅडम, रकाना रिकामा चालत नाही.” अजून आठवलं की डोकं तापतं. प्रतिस्पर्धीही बदलत असतो, हे त्या फॉर्मच्या गावीही नव्हतं.

वाट दाखवली ती क्लिफ आणि मिलर या संशोधकांच्या १९९५ च्या पद्धतीने. प्रत्येक पिढीचा विजेता शिकारी मागच्या सगळ्या पिढ्यांच्या विजेत्या सावजांशी खेळवायचा आणि निकालांचा रंगीत तक्ता करायचा. माझ्या तक्त्यात पट्टेच पट्टे उमटले. म्हणजे शिकारी नवा डाव शिकताना जुना विसरत होता आणि दोन्ही बाजू गोल गोल फिरत होत्या. आता सपाट आलेखामागे काय चाललंय ते दिसलं.

हे फिरणं मोडायला मग जिंकण्याबरोबर वर्तनातल्या वेगळेपणालाही गुण दिले. शिकाऱ्याचं सावजापासूनचं सरासरी अंतर, तो मैदानाचा किती भाग फिरला, शेवटी कुठे थांबला, ही मापं घेतली. या मापांत सर्वांत जवळच्या १५ शेजाऱ्यांपासूनचं सरासरी अंतर म्हणजे नावीन्य; लेहमन आणि स्टॅनली या संशोधकांनी हाच आकडा वापरला होता. न्यूरल नेटवर्कची वजनं (त्याच्या आतले आकडे) तुलनेला घेऊ नका, वजनं निराळी असूनही वागणं तेच असू शकतं. आणि एका पिढीतल्या सगळ्यांना तेच प्रतिस्पर्धी द्या, नाहीतर समोरच्याचा फरक नावीन्य म्हणून मोजला जातो.

हो, पावसाळ्यात आमच्याकडे लाईट कधीही जाते. दर पिढीनंतर पॉप्युलेशनबरोबर रँडम जनरेटरची (यादृच्छिक आकडे देणाऱ्या कोडची) स्थितीही सेव्ह करा, म्हणजे प्रयोग थांबला तिथूनच तसाच पुढे चालतो.

पट्टे बरेच विरळ झाल्यावर रकान्यात लिहिलं: ‘पूर्वीच्या विजेत्यांवरील विजयांत वाढ’, पुढे टक्के, सोबत तक्ता. अहवाल स्वीकारला गेला. कुणाचा असाच अडला असेल तर हेच शब्द लिहा, आणि तक्ता पहिल्याच खेपेला जोडा.